शांत खोली

मंगला गौरीच्या देवळाखालच्या गल्लीत आमचं घर आहे. चार मोठी माणसं तिथे एकत्र राहतात. चौघेही स्वमग्न, एकटे राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या आईबापांनी मिळून हे घर घेतलं. मी स्वयंपाक करते आणि दिवसभर त्यांच्याबरोबर असते. सुमंत घराचा व्यवस्थापक होता. होता म्हणते, कारण आता नाही.

चौघांतला निनाद छत्तीस वर्षांचा. बोलत नाही. त्याचं बोलणं फळ्यावर. स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर चित्रांची कार्डं लागतात: आंघोळ, चहा, बालाजी घाटावर फेरी. शेजारी, ते काम ज्याच्याबरोबर झालं त्याचा फोटो. काम झालं की निनाद स्वतः कार्ड लावतो आणि आपल्याकडे पाहत उभा राहतो. बरोबर असेल तर आपण मान हलवायची. तोवर तो जागचा हलत नाही. खोटं कार्ड त्याने कधी लावलेलं नाही.

जिन्याखाली लाकडं ठेवायची खोली आहे. दहाच्या सुमाराला गल्लीत गर्दी वाढली की निनाद कान दाबून ओरडायचा. सुमंत त्याला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. पाऊण तास. खोलीला त्याने नाव ठेवलं होतं, शांत खोली. पालकांना फोनवर सांगायचा, "आज निनाद एकदम शांत होता."

मी निनादच्या वडिलांना, वासुदेवरावांना, सांगून पाहिलं. ते रेल्वेत मोठे साहेब होते.

"शरदिनीबाई, सुमंत या विषयात शिकून आलाय. तुम्ही साठीला अक्षरं गिरवलीत. तुम्ही आपली भाजी बघा."

ते सुमंतच्या कानावर गेलंच. "काय काकू, चुगली करके देख ली?" तो हसत म्हणाला. "आता चूल्हा सांभाळा."

त्या दिवशी मी ठरवलं, याला निनादच्याच फळ्यावर टांगायचं.

त्या दाराचा, कडी नीट दिसेल असा, फोटो काढला. चौकातल्या दुकानातून त्याचं कार्ड करून आणलं आणि निनादच्या डब्यात टाकलं. कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर त्याला ते सापडलं. बराच वेळ हातात धरून बसला. मग फळ्यावर लावलं, शेजारी सुमंतचा चेहरा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एरवी सुटला की तो कपाळ भिंतीवर आपटायचा. त्या दिवशी आपटलं नाही.

सुमंत फळ्याकडे बघत नसे, ते त्याच्या लेखी बाईमाणसाचं काम. संध्याकाळी कार्डं मीच उतरवायची.

पालकांची बैठक एकोणीस दिवसांवर होती. ते एकोणीस दिवस कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी ती काढली नाही. एकदा जरी काढली असती तर सुमंत सावध झाला असता. निनाद आतून दार खरवडायचा आणि मी कणीक मळायची. हे मी लपवत नाही.

बैठक अकराला होती. सुमंतने निनादला नेहमीसारखं कोंडलं आणि पालक यायच्या आत बाहेर काढलं. मग फळ्याकडे पाठ करून सगळ्यांना सांगू लागला, "दिवसभरात जे घडतं ते हे लोक स्वतः इथे लावतात. आम्ही हात लावत नाही."

निनाद त्याच्या मागे आला. कडीचं कार्ड लावलं. शेजारी सुमंतचा फोटो. मग वडिलांकडे पाहत उभा राहिला.

"हे कसलं कार्ड?" वासुदेवरावांनी विचारलं.

वडिलांची मान काही हलेना. मग कधी नव्हे तो निनाद तसाच जागचा हलला. त्याने वडिलांचा हात धरला आणि त्यांना जिन्याखाली नेलं. चपला काढून दाराबाहेर जोडीने ठेवल्या. आत गेला, गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला आणि कडी लागायची वाट पाहू लागला.

वासुदेवराव दाराच्या आतल्या बाजूकडे पाहत होते. खालच्या फळीचा रंग नखांनी गेला होता.

"सर, ती एक पद्धत आहे," सुमंत म्हणाला.

"किल्ल्या टेबलावर ठेव."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही रोज इथेच होतात ना?"

"मी भाजी बघत होते," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुमंत सामान न्यायला आला. त्याची पेटी शांत खोलीतच होती. मोबाईल टेबलावर ठेवून तो वाकून आत शिरला. मी कडी लावली.

"काकू, कडी लागली."

"लागली नाही, लावली."

"ये क्या मज़ाक है? उघडा."

"दहा वाजलेत. आज सुमंत एकदम शांत आहे, असं सांगेन सगळ्यांना."

तो दार बडवू लागला. मी घड्याळ पाहिलं आणि स्टूल ओढून मटार सोलायला बसले.

बडवणं ऐकून निनाद कान दाबत बाहेर आला. दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. मग फळ्यापाशी गेला. कडीचं कार्ड लावलं. फोटोंच्या डब्यात बराच वेळ शोधलं आणि शेजारी माझा चेहरा लावला.

मग माझ्याकडे पाहत उभा राहिला.

मी मान हलवली. तो वळून आपल्या खोलीत गेला.

पाऊण तासातली अजून वीस मिनिटं होती. मी पुढची शेंग उचलली.