पहिलं पोतं

पाटोद्याच्या मोंढ्यात पोती मोजताना कुणी ‘एक’ म्हणत नाही. पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. ख्वाजाभाई मापाडी तर घरी कांदे मोजतानाही लाभच म्हणत आणि त्यांची बायको बीबीजान हसे.

बाजार समितीवर हमाल-मापाड्यांचे संचालक तेच. हमालांना घडीभर सावलीत टेकता यावं म्हणून त्यांनी शेड मंजूर करून आणलं होतं. खांब उभे राहिले, पत्रे चढवायचे राहिले, तेवढ्यात संचालकपदाची मुदत संपली. आपण राबायचं आणि आयत्या बिळावर दुसराच नागोबा, हे त्यांना सोसवेना. म्हणून ते निवडणुकीला पुन्हा उभे राहिले. समोर कोण, तर उत्तरेश्वर, जिभेवर साखर घेऊन फिरणारा तरणा हमाल.

ख्वाजाभाईंनी घर न् घर पालथं घातलं. एक मतदार शिरूर कासारला लेकीकडे गेला होता, त्याला तिथं जाऊन गाठलं. रोज सांजेला ओसरीवर बसून बोटांवर मोजत, “लाभ भगवानराव, दोन रामेश्वर, तीन सुंदरराव...”

भगवानराव त्यांचा जोडीदार हमाल. त्यानं काट्यावर पोतं टाकायचं आणि यांनी आकडा पुकारायचा, यात दोघांचे केस पिकले. त्यामुळे मोजणी भगवानरावापासून सुरू होई आणि प्रचाराची फेरी मात्र दोनपासून.

“भगवानरावाकडं जाऊन आले का?” बीबीजाननं एकदा विचारलं.

“त्याला काय इचारायचं? तो तर लाभ हाय!”

उत्तरेश्वर एका मतानं निवडून आला. ख्वाजाभाईंनी त्याला हार घातला, गुलाल लावून घेतला आणि घरी येऊन न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी तुरीची आवक होती. भगवानरावानं पहिलं पोतं काट्यावर टाकलं, पण मान वर केली नाही.

“ख्वाजाभाई, माझं मत उत्तरेश्वरला गेलं.”

“कावून, भगवानराव?”

“तो दोनदा घरी आला. तुमी सारं गाव हिंडला. माझ्या दारावरून गाडी गेली तुमची, थांबली न्हाई. मी लई वाट पायली. चहाला आधण बी ठेवलतं.”

ख्वाजाभाईंना आधी संताप आला. मग ते आधण डोळ्यांपुढं आलं आणि लाज वाटली. शेडवर पत्रे आता दुसराच कुणी चढवणार, याचं दुःख होतंच. पण त्याहून हे जास्त लागलं.

“आकडा म्हना की!” अडत्या ओरडला.

ख्वाजाभाई भगवानरावाकडं वळले.

“भगवानराव, सांजच्याला चहाला येऊ का?”

“आता काय मत हाय माझ्याकडं?”

“न्हाई. म्हनून तर इचारतो.”

भगवानरावानं पोतं उगाच सरळ केलं. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसायला त्याला जरा वेळ लागला.

“या,” तो म्हणाला. “म्हना आता.”

“लाभ,” ख्वाजाभाई म्हणाले.