बोटभर ढील

टेपच्या टोकाची पितळी पट्टी कधी गळून पडली कोण जाणे, आता तिथे नुसती दोऱ्यांची दशी उरली होती आणि शून्याचा आकडा अर्धा पुसलेला... ती दशी बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ती बसली होती, आणि समोर टेबलावर तो कागद. एकच पान. वर क्लबचं चिन्ह, खाली भिंगरीचं नाव, त्याखाली एक वाक्य — 'पुढील पाच वर्षांच्या करारासाठी खेळाडूचा उजवा गुडघा सक्षम आहे काय? फिजिओचा अभिप्राय' — आणि मग तीन रिकाम्या ओळी. एका माणसाच्या पाच वर्षांसाठी तीन ओळी! संध्याकाळी सहाच्या आत कागद सेक्रेटरींच्या हातात हवा होता.

खरं तर हे तिचं काम नव्हतंच. गुडघ्याचा स्कॅन झाला होता, मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून बघितला होता, आणि मोठे डॉक्टर जसं लिहितात तसं लिहून मोकळे झाले होते : गादी थोडी झिजली आहे, पण एवढी झीज निम्म्या खेळाडूंत असते, पाय किती भरला आहे ते फिजिओच्या नोंदींवरून ठरवावं. म्हणजे घोडं येऊन अडलं ते तिच्यापाशी. आणि नोंदी तर चांगल्याच होत्या. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं तेव्हा भिंगरीची उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटरनी बारीक होती. दर सोमवारी ती मोजत गेली, दर सोमवारी वहीत लिहीत गेली, आणि चाराचे तीन, तिनाचे दोन, असं करत आता फरक जेमतेम एकावर आला होता. मग लिहून टाकायचं ना — सक्षम आहे, सही, तारीख. सकाळी चहा घेताना नवराही तेच म्हणाला होता. 'त्यात विचार कसला करतेस? पाच काय, दहा द्या म्हणावं!' त्याचं काय जातंय म्हणायला. दर सामन्याला पूर्वेच्या स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि घरी येऊन गरम पाण्याच्या गुळण्या करायच्या.

'ताई, आत येऊ का मरू इथंच?'

गोलकीपर. घोटा मुरगळून आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस तो हेच नाटक करत होता. टेबलावर आडवा झाला, तिने घोट्याभोवती टेप लावून सूज मोजली, दुसऱ्या पायाची मोजली, आकडे लिहिले. गोलकीपर हाताची उशी करून बघत होता.

'माझ्या वेळेला टेप कसा करकचून आवळता हो ताई. आणि भिंगरीच्या वेळेला? कसं अलगद! फुलाला दोरा बांधावा तसं. लाडका आहे बुवा तुमचा.'

'गप पड. तुझी सूज आणि त्याची मांडी एक आहे का?'

ती हसली. तोही हसला, लंगडत गेला. आणि मग दार लागल्यावर तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि आत कुठेतरी काहीतरी घसरलं... अलगद. अलगद म्हणजे काय? तिने टेप उचलला. खुर्चीवर बसून स्वतःच्याच मांडीभोवती गुंडाळला, आणि हात आपोआप काय करतात ते परक्याचे हात बघावेत तसं बघितलं. डावी मांडी. टेप ताणून, चापून. उजवी मांडी. टेप आला, टोकाला टोक मिळालं, आणि तिची तर्जनी — कुणी न सांगता, सवयीने — टेपच्या खाली सरकली. बोटभर ढील. तेवढी मांडी वहीत उगाच जाड.

कधीपासून? आठवायचं नाही असं ठरवलं तरी आठवलंच. ऑपरेशननंतरचा तिसरा की चौथा सोमवार. तिने आकडा वाचला — चार — आणि भिंगरीने, ज्याने दोघातिघांमधून चेंडू घेऊन गर्रकन फिरावं आणि अख्ख्या स्टेडियमने उभं राहावं, ज्याला त्याची सख्खी आईसुद्धा भिंगरीच म्हणायची त्या पोराने, तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तेवढंच. रडला नाही, चिडला नाही. नुसती मान वळवली. पुढच्या सोमवारी आकडा साडेतीन आला, आणि तो उठून बसला, म्हणाला, ताई, भूक लागली बघा. मी ठरवून केलं नाही. देवाशपथ, ठरवून नाही केलं! माझ्या बोटाने केलं, आणि मी बोटाला विचारलं नाही. तीन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून आकडे लिहिले आणि एकही खरा लिहिला नाही... आणि तरी तो खेळला, गोल मारले, त्या खोट्या आकड्यांच्या जोरावर बागडला, मग खोटं कसं म्हणायचं त्यांना? शी. काय बोलतेस. खोट्याला खोटंच म्हणायचं.

दुपारी तिच्याने आत बसवेना म्हणून ती मैदानाला वळसा घालून तिकिटांच्या खिडकीकडे गेली. खिडकीत खांब होता. खांब म्हणजे जुना बचावपटू. तिशीत त्याला क्लबने सहा वर्षांचा करार दिला तेव्हा हार घातले होते, फोटो काढले होते. चौथ्या वर्षी त्याचे दोन्ही गुडघे बोलायला लागले. पण करार आहे ना, मग खेळव त्याला — दर शनिवारी सुई, दर रविवारी सामना. सुई टोचताना पाय धरायला तीच होती. आता तो जिना उतरताना आडवा होऊन, कठडा धरून, एकेक पायरी उतरतो आणि कुणी मागे आलं तर म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही.

तिने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, 'ती सहा वर्षं घेतलीस, वाईट नाही वाटत?'

खांबाने तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. 'वाटतं की. पावसाळ्यात फार वाटतं.' मग हसला. 'पण परत दिली तर परत घेईन, ताई. पाय काय, ते कुणाचे राहतात?'

झालं! हा माणूस तरी आपल्या बाजूने बोलेल असं तिला वाटलं होतं. कुठल्या बाजूने, ते तिलाही सांगता आलं नसतं. परत येताना ती हिशेब मांडत होती, म्हणजे मांडायचा प्रयत्न करत होती : खरं लिहिलं तर क्लब पाच देणार नाही, फार तर एक देईल, आणि एक वर्षाचा करार म्हणजे सगळ्या क्लबांना दवंडी पिटून सांगणं की याचा गुडघा संपला. अठ्ठाविसाव्या वर्षी. खोटं लिहिलं तर पाच मिळतील, आणि दिलेली पाच वर्षं क्लब वसूल करेल, एकेक रविवार मोजून. खरं लिहून त्याला आज मारायचं की खोटं लिहून हळूहळू... आणि हे ठरवणारी मी कोण? बावीस वर्षं इथे काढली आणि बावीस वेळा एकेका वर्षाचंच नेमणुकीचं पत्र घेतलं. कुणी मला दोन वर्षं विचारली नाहीत, मीही मागितली नाहीत. माझ्या हातून पाच वर्षं वाटायची म्हणे!

चार वाजता भिंगरी आला. केस ओले, खांद्यावर टॉवेल, तोंडात काहीतरी चघळत. रोज यायचा तसाच. रोजच्यासारखाच टेबलावर पडून बोलायला लागला — आईने पडदे बदललेत, कोचने नवी शिट्टी आणलीय आणि ती बदकासारखी वाजते — आणि तिने गुडघ्याच्या वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर पेनने ठिपका काढला, डाव्या मांडीवर एक, उजव्या मांडीवर एक. मग टेप लावण्याआधी, का कोण जाणे, तिने उजव्या मांडीवर नुसता तळवा ठेवला. मांडी दगडासारखी होती.

'पाय सैल सोड.'

'सैलच आहे.'

'नाही. सोड.'

तो छताकडे बघत राहिला. चघळणं थांबलं.

'तू आवळून धरतोस?' तिचा आवाज तिलाच परका वाटला. 'मी मोजते तेव्हा? कधीपासून?'

'तुम्ही बोट घालायला लागलात तेव्हापासून.'

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे त्याला माहीत होतं... पहिल्या दिवसापासून, सगळं माहीत होतं!

'मला वाटलं, ताईंना आकडा वाढलेला बघायचाय,' तो म्हणाला, अजून छताकडेच बघत. 'तुमचा चेहरा बघवत नव्हता हो तेव्हा. तुम्ही चार म्हणालात ना, आणि असं तोंड केलंत... मी मान फिरवली. म्हटलं, ताईंना काहीतरी द्यायला पाहिजे. म्हणून आवळलं.'

  तीन वर्षं दोघंही एकमेकांची समजूत काढत बसले होते, एक टेप सैल सोडून आणि एक पाय आवळून. कुणाला सांगितलं तर हसून हसून मरेल. तिला हसू आलं नाही.

'सोड आता,' ती म्हणाली.

त्याने सोडला. मांडी तिच्या तळव्याखाली मऊ झाली, टेबलावर पसरली, आणि तिने टेप ताणून, चापून लावला — गोलकीपरला लावते तसा. डाव्या पायालाही तसाच. दोघांनी मिळून आकडे बघितले, वजाबाकी त्यानेच केली.

'साडेतीन,' तो म्हणाला. आणि मग, 'अर्धा सेंटिमीटर तरी भरला म्हणायचा.'

'क्लबचा कागद आलाय माझ्याकडे.'

'ठाऊक आहे. सेक्रेटरींच्या पोटात काय राहतंय!' तो उठून बसला, पाय खाली सोडले. 'खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, ताई. पण मला पाच पाहिजेत.'

'अरे, पाच दिली तर पाचही वर्षं पळवतील तुला. सुया टोचून पळवतील. खांबाला बघतोस ना?'

'पळीन.'

'आणि नंतर?'

'नंतर मीही बसेन तिकिटं विकत.' तो एकदम हसला, मनापासून, अठ्ठावीस वर्षांचा दिसेचना, आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, 'तुम्ही असालच की इथं. सकाळी यायचं, पडायचं टेबलावर, दोन गोष्टी बोलायच्या. आणखी काय लागतं?'

आणि गेला. बाहेर पॅसेजमध्ये कुणाला तरी बदकाचा आवाज काढून दाखवला, कुणीतरी खदाखदा हसलं.

तिने वहीत साडेतीन लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच खरं लिहिलं म्हणून की काय, आकडा वहीत दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखा दिसत होता. मग कागद पुढे ओढला. पेनचं टोपण काढलं. वही कुणी मागितली नव्हती. मागितला होता फक्त अभिप्राय, आणि अभिप्राय म्हणजे तिला काय वाटतं ते. काय वाटतं? दिवसभर ती तेच तर उगाळत होती — त्याचा गुडघा, त्याची पाच वर्षं, त्याचं भलं, त्याचं वाईट... त्याचं, त्याचं, त्याचं. आणि आता ते वाक्य कानातून जाईना. सकाळी यायचं, पडायचं टेबलावर, दोन गोष्टी बोलायच्या. मुलगी परगावी, रविवारी फोन करते, नीट आहेस ना विचारते, नीट आहे म्हटलं की ठेवते. नवरा आहे, भला माणूस आहे, त्याच्याशी बोलायचं तर सामन्याबद्दल बोलावं लागतं. आणि रोज हा अर्धा तास, पडदे आणि शिट्टी आणि आईने काय म्हटलं... तीन वर्षं ती या अर्ध्या तासासाठी केस नीट विंचरून येत होती, आणि आज, आत्ता, या क्षणी तिला ते दिसलं.

भिंतीवरचा फोन वाजला. सेक्रेटरी.

'मॅडम, पावणेसहा झाले. झालंय ना तुमचं?'

'पाच मिनिटं द्या.'

'लिहायचं ते काय तेवढं? पाच की नाही, एवढंच तर आहे.'

'हो,' ती म्हणाली, 'एवढंच तर आहे,' आणि फोन ठेवला.

पाच. तिने पेन टेकवलं आणि उचललं. पाच वर्षं त्याला हवी होती यात काही खोटं नव्हतं. पण सकाळपासून तिच्या मनात जो कुणी पाच लिही, पाच लिही म्हणत होता तो भिंगरी नव्हता. मला हवी होती ती. त्याच्यापेक्षा मला जास्त हवी होती. आणि त्याचा पाय झिजत गेला असता तर... तर तो जास्तच आला असता टेबलावर. रोज आला असता. हेही तिने बघितलं, डोळे न मिटता बघितलं, आणि बघून झाल्यावर खुर्चीत ताठ बसून राहिली. सकाळी तिला भीती होती की आपल्या हातून त्या पोराचं काही वाईट होईल. आता ती भीती तशी उरलीच नव्हती. आता तिला फक्त एवढंच समजत नव्हतं, की हे पेन धरलेल्या हातावर, ज्याने तीन वर्षं एवढी माया केली, त्याच हातावर, या पाच मिनिटांपुरता तरी कुणी विश्वास ठेवायचा का.