रांगण्यापुरती जागा

लेकीला रांगायला जागा हवी, एवढंच माझं मागणं होतं. आमचा बॅगांचा कारखाना म्हणजे एकच खोली. मधोमध कापायचं टेबल, दोन मशिनं, उरलेल्या जागेत कापडाचे तागे. लेक वीतभर सरकली की डोकं टेबलाच्या पायावर आपटलंच. गल्लीत सगळे बॅगवालेच, त्यामुळे बाहेरही हातगाड्यांची वर्दळ.

म्हणून शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत शेड मिळतेय कळल्यावर मीच नवऱ्याच्या मागे लागले. "करार नंतर करा, आधी आठवडाभर वापरून बघा," शेडचा मालक म्हणाला.

पहिल्याच दिवशी एक मशिन आणि साठ बॅगांचं काम घेऊन गेलो. शेड केवढी ती! चटई अंथरली मात्र, लेक या टोकाकडून त्या टोकाला सुसाट. मला अगदी भरून आलं.

दुपारी दोनला रनर संपले. रनर म्हणजे चेन उघडायला-मिटायला ओढतो तो तुकडा. बारा बॅगा अडल्या, आणि सहाला माल न्यायला टेम्पो येणार. नवरा मशिनवरून उठला, खिडकी उघडली आणि रोजच्या सवयीनं ओरडला, "काका, मूठभर रनर फेका हो!"

समोर मोकळं मैदान. एक शेळी चरायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

आम्ही पोट धरून हसलो. मग घड्याळाकडे बघितलं. रनर मिळणार ते आमच्याच गल्लीत, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. नवऱ्यानं गल्लीत आमच्या समोरच बॅगांचं दुकान असलेल्या काकांना फोन लावला.

"आत्ता आठवण आली होय? एरवी माझी गिऱ्हाइकं पळवतोस ते?"

"काका, टोमणे उद्या मारा. आज वाचवा."

"मग सगळा माल घेऊन इकडेच ये. टेम्पोलाही इकडेच बोलव."

पोचलो तेव्हा काका रनर घेऊन दारातच बसले होते. शेजारची शिलाईवाली मावशीही हात लावायला आली. साडेपाचला शेवटची बॅग मिटली.

"काय गं सूनबाई, इथं काय टोचत होतं तुला?" काकांनी विचारलं.

"टोचत काही नाही हो. हिला रांगायला जागा नाही."

"हात्तिच्या! मग तोंड उघडायचं की. तुमचं टेबल माझ्या मागच्या खोलीत टाका. माझ्या हातून कापड हल्ली वाकडं जातं. दोघांचंही हा कापेल, चेन मी बसवीन."

"आणि गिऱ्हाइकं?" नवऱ्यानं डोळे बारीक केले.

"त्यावरून भांडूच की रोज!"

शेडच्या मालकाला "शेड नको" म्हणून कळवलं. टेबल समोर गेलं आणि आमच्या खोलीत एकदम जमीन दिसायला लागली.

काल मी मशिनवर मान खाली घालून बसले होते, तर बाहेरून मावशीचा आवाज, "अगं, तुझी लेक दाराला धरून उभी राहिली!" मी उठून बघेपर्यंत गल्लीत निम्म्या लोकांनी काम थांबवलं होतं.