कोमट पाणी

फोटो धुण्याच्या धंद्यात तो चाळीस वर्षं होता आणि चुकाही चाळीस प्रकारच्या केल्या असतील. त्या सगळ्या तो हसत हसत सांगायचा. एक सोडून.

ती एक त्याच्या ताईच्या बाबतीत झालेली. ताईची मुलगी चार वर्षांची होऊन तापाने गेली. तिचा एकच फोटो होता. तोही घर बदलताना कुठेतरी गहाळ झाला आणि उरली ती त्या फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह. भाऊजी म्हणाले होते, वरच्या कोरड्या खोलीत ठेव. ताईने ठेवली स्वयंपाकघराच्या कपाटात, कारण तिला ती येता-जाता हाताशी हवी होती. पुढे काच पिवळी पडायला लागली, तेव्हा ती फडक्यात गुंडाळून, भाऊ कामाला होता त्या स्टुडिओत घेऊन आली.

"पूर्वी कुणीतरी घाईत धुतलीय, औषध राहिलंय आत," तो म्हणाला. "पुन्हा स्वच्छ धुतो, मग मोठा फोटो काढून देतो."

"पुसली तर नाही ना जाणार रे?"

मग याला ज्ञान पाजळायची हुक्की आली. चित्र काचेवर नसतंच, काचेवरच्या जिलेटिनच्या थरात असतं, वगैरे. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं न् कातडी उकळून काढलेला चिकट रस. जेली त्याचीच, औषधाच्या कॅप्सूलची टरफलंही त्याचीच. ताईने नाक मुरडलं.

"शी! म्हणजे माझी पोर हाडांच्या चिकात बसलीय?"

"त्यानेच धरून ठेवलंय तिला," तो म्हणाला.

आता हे सगळं ज्याला पाठ, त्याला जिलेटिनचा स्वभाव ठाऊक नसेल का? गार पाण्यात ते फुगतं पण टिकतं, उबेत मात्र विरघळतं. स्टुडिओचे म्हातारे मालक रोज ओरडायचे, "हाताला सुखाचं वाटेल ते पाणी फोटोला विष!" पण त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. नळाच्या पाण्याने बोटं बधिर झाली. चहाच्या पाण्याची किटली शेजारीच होती. काच भिजत होती त्या ट्रेमध्ये त्याने थोडं गरम पाणी ओतलं, नुसतं कोमट होण्यापुरतं, आणि तो चहा प्यायला बसला. जरा म्हणून बोटांचे लाड केले.

परत येऊन पाहतो तर काचेच्या कडेने थराला झालर आली होती. काच उचलायला गेला तसा सगळा थर सुटला आणि पाण्यात गोळा झाला. त्याने दोन्ही हातांनी तो पसरायचा प्रयत्न केला. एक कान आणि झबल्याची बाही तेवढी ओळखू आली, मग तीही बोटांना चिकटून फाटली.

संध्याकाळी ताई आली. खरं बोलायचं असं ठरवूनच तो उभा राहिला होता. तोंडातून निघालं ते असं, "ओल लागली होती गं तिला. हातात घेतली आणि थर सुटला."

ताई रडली नाही. "माझंच चुकलं," एवढंच म्हणाली आणि कोरी काच घेऊन गेली.

पुढे पंचवीस वर्षं भाऊजींनी ती ओल काढली. माणूस वाईट नव्हता, पण जखम होती आणि बोलायला बायको होती. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिच्या हातात काही देऊ नका, ओल लागेल." सगळे हसायचे. हाही हसायचा. दर वेळी घरी जाताना ठरवायचा, पुढच्या खेपेला सांगून टाकू. अशा खेपांवर खेपा झाल्या, आणि एक दिवस भाऊजीच गेले.

महिन्याभराने तो ताईकडे गेला. ती भाऊजींचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होती. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. थंडी, किटली, चहा, सगळं. सांगताना त्याला रडू आलं आणि लाजही वाटली, कारण मनातून हलकं वाटायला लागलं होतं.

ताईने हातातला शर्ट खाली ठेवला.

"मला काय सांगतोस आता? त्यांना सांगायचं होतंस."

"हिंमत झाली नाही गं, ताई."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. शिव्या खायच्या तयारीनेच तो आला होता.

"शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं," ती म्हणाली. "म्हणाले, काचेचं जाऊ दे, मी तुला माफ केलं. आणि मी त्यांचे आभार मानले रे."