डावीकडे ओढणारी गाडी

"आज कुणाचीही गाडी उघडायची नाही," मी सकाळी निघतानाच बाबांना बजावलं. "आधी चालवू द्यायची, मग सही घ्यायची. मग काय उघडायचं ते खुशाल उघडा."

"हो गं बाई," बाबा म्हणाले. एका खांद्यावर गुंडाळलेलं कार्पेट, आणि मोकळ्या हाताने गुंड्याचा निसटलेला मोजा वर ओढणं चाललेलं. गुंड्या म्हणजे माझा आठ महिन्यांचा लेक.

बाबांनी आयुष्यभर शिलाई मशीनं दुरुस्त केली; पण ते जगले रविवारच्या सकाळसाठी. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये कार्पेट अंथरायचं, लाकडी पट्ट्या लावून वळणं आखायची आणि रिमोटच्या गाड्यांच्या रेस लावायच्या. इथला एकच नियम कडक. स्वतःची फेरी संपली की बसायचं नाही. पुढच्या फेरीला कोपऱ्यावर उभं राहायचं आणि ज्याची गाडी उलटेल त्याची सरळ करून द्यायची. मी बारा वर्षांची होते तेव्हापासून कोपऱ्यावर उभी राहते. तेव्हा इतकी गर्दी, की चालवायचा नंबर यायला तासभर लागायचा. आता आम्ही नऊच. चौघे चालवतात, चौघे कोपऱ्यावर, आणि उरलेला फेऱ्या मोजतो.

महिन्यापूर्वी हॉलचे व्यवस्थापक येऊन सांगून गेले होते. "बारा सभासद दाखवा, काका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक वाजेपर्यंत बारा सह्या, त्याही इथे समोर उभं राहून केलेल्या. नाहीतर ही वेळ व्यायामाच्या वर्गाला जाणार. तिकडे चाळीस बायका खोळंबल्यात. माझ्या हातात काही नाही."

म्हणजे तीन माणसं हवी होती. गुंड्या झोपला की मी जमिनीवर बसून जाहिराती रंगवायचे. 'या, चालवून बघा. गाडी नसली तरी या.' बसडेपो, दवाखाना, वाचनालय, जिथे चिकटवू दिल्या तिथे चिकटवल्या.

आणि त्या शेवटच्या रविवारी खरंच तिघं आली. मोजून तीन.

पहिला एक बसचालक. "सहा दिवस एवढी मोठी चालवतो," तो म्हणाला, "म्हटलं, जिच्यात कुणी चढत नाही अशी एखादी चालवून बघू." दोन फेऱ्या मारल्या आणि सही केली.

दुसरी रात्रपाळी संपवून तशीच आलेली नर्स. क्लबची गाडी तिने तीनदा भिंतीवर घातली. आमच्या क्लबातले वैद्य तिच्या शेजारी उभे होते. ते काही खरे वैद्य नव्हेत. बॅटरीवर बोट ठेवून तब्येत सांगतात म्हणून वैद्य. म्हणाले, "ताई, हिला ब्रेकपण असतो."

"पेशंटलापण तुम्ही असंच उशिरा सांगता का?" ती म्हणाली आणि हसत सही करून घरी झोपायला गेली.

झाले अकरा.

तिसरी एक दहा वर्षांची मुलगी, तिच्या आईबरोबर. आई दुकानाच्या गणवेशात होती. "साडेबाराला माझी ड्यूटी सुरू होते. तोवर खेळू दे हिला," म्हणाली. मुलीने काखेतला बुटाचा खोका उघडला. आत लाल गाडी, नखांना लावायच्या पॉलिशने बाजूला सात आकडा काढलेला. अकरा वाजले होते. दीड तास हातात होता. मी मनातल्या मनात व्यवस्थापकांना बारावी सही दाखवूनही टाकली.

नेमका तेव्हाच गुंड्याने सूर लावला. दातांमुळे दोन रात्री त्याने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. मी त्याला घेऊन सामानाच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि पाजायला बसले. दाराला काच होती आणि फटीतून सगळं ऐकू येत होतं.

मुलीने गाडी कार्पेटवर सोडली. गाडी सुरेख वळली. बाबा कोपऱ्यावरून पुढे आले.

"ही डावीकडे ओढतेय गं."

"माहितीये मला," मुलगी म्हणाली. "मी थोडी उजवीकडे धरते."

"असं कसं? गाडीने सरळ गेलं पाहिजे."

बाबांचा तो चेहरा मी ओळखते. दुकानात एखादीचं मशीन टाका सोडत असलं की हाच चेहरा. मग बाई घाईत आहे, तिला तेवढ्यावर चालतंय, हे काही त्यांच्या कानात शिरत नाही. त्यांनी गाडी उचलली. टेबलावर ठेवली. आणि उघडली.

मग काय, सगळेच गोळा झाले. कुणी दिवा धरला, कुणी आपल्या डब्यातून नवं बेअरिंग काढून दिलं. फुकट, स्वतःहून. वैद्यांनी बॅटरीच्या वायरींना सोल्डरने नवे डाग दिले. आठ डोकी त्या एवढ्याशा गाडीवर, तापातल्या लेकरावर वाकावीत तशी. मुलगी आधी टेबलाला चिकटून उभी होती. मग एक पाऊल मागे सरली. मग बाकावर आईशेजारी जाऊन बसली आणि रिकाम्या कार्पेटकडे बघत राहिली. चालवायला गाडी नव्हती तिच्याकडे. आणि तिच्यासाठी कोपऱ्यावर उभं राहायला माणूस नव्हता.

गुंड्या झोपला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, माझ्या दंडावर सगळा भार देऊन. हलले असते तर उठला असता. मी एका हाताने बाबांना मेसेज केला, 'गाडी परत जोडा, तिला चालवू द्या.' माझ्या डोक्यावरच्या फळीवर काहीतरी गुरगुरलं. बाबांचा फोन. चार्जिंगला लावलेला.

अजून पाच मिनिटं बघू, म्हटलं. त्याला झोपू दे अजून पाच मिनिटं. असं मी चार वेळा म्हटलं असेल.

सव्वाबाराला मुलीची आई उठली तशी मीही उठले. गुंड्याने हॉल दणाणून सोडला.

"पाच मिनिटं," बाबा मान वर न करता म्हणाले. "फक्त पुढचं चाक राहिलंय."

"वही कुठाय?" मी ओरडले. "सह्यांची वही!"

वही टेबलावरच होती, गाडीच्या शेजारी, उघडी. पांढऱ्या कागदावर हरवत नाहीत म्हणून बाबांनी तिच्यावरच सगळे स्क्रू मांडले होते, निघाले त्या क्रमाने, बाराव्या ओळीवरून खालपर्यंत. मी हात घातला.

"अगं अगं, हलवू नकोस! क्रम आहे तो!"

मी हात मागे घेतला. का घेतला, माझं मलाच कळत नाही. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय.

"पुढच्या रविवारी करू की सही," मुलीची आई म्हणाली. "गाडी राहू दे यांच्याकडे." तिने गुंड्याच्या गालाला बोट लावलं. "दात येतायत वाटतं." मी काहीतरी बोलले, पण त्या रडण्यात मलाच ऐकू आलं नाही. दारातून जाताना मुलगी वळून बघत होती. आमच्याकडे नाही, टेबलाकडे.

एक वाजता व्यवस्थापक आले. स्क्रू तोवर जागच्या जागी बसले होते आणि वही मोकळी होती.

"अकराच आहेत, काका."

"बारावीची गाडी इथेच आहे," बाबांनी लाल गाडी पुढे केली. "ती येणार आहे पुढच्या रविवारी."

"गाडी सही करत नाही हो." ते बराच वेळ घड्याळाकडे बघत उभे राहिले. दीड वाजला तेव्हा त्यांनीच खाली वाकून कार्पेटचं दुसरं टोक गुंडाळायला घेतलं.

मुलीचा नंबर कुणाकडेच नव्हता. घेणार होतो, सहीबरोबर. मी एक शेवटची जाहिरात रंगवली: 'सात नंबरची लाल गाडी तयार आहे.' खाली बाबांचा फोन नंबर. व्यवस्थापकांनी ती हॉलच्या काचेवर आतून लावू दिली. पण पुढच्या रविवारी त्या काचेसमोर चाळीस बायकांच्या चपला आणि पिशव्या होत्या; जाहिरात त्यांच्याआड गेलेली. मी दारात तासभर उभी होते. ती आली नाही, की येऊन गर्दी बघूनच परतली, कोण जाणे.

कार्पेट आता आमच्या घरातल्या बोळात उभं आहे. गुंड्या त्याला धरून उभा राहायला शिकतोय. बाबांचा फोन हल्ली कायम खिशात असतो.

काल दुपारी बाबांनी गाडी बोळात सोडून पाहिली. टोकापर्यंत सुतासारखी सरळ गेली. ते जाऊन तिला उचलून घेऊन आले.

"तिचा हात उजवीकडे धरायला बसलाय गं," म्हणाले. "ही अशी मिळाली तर आपटेल तिच्याकडून."

मग चष्मा चढवला, सह्यांची वही पुढे ओढली आणि तिच्यावर एकेक स्क्रू मांडत गाडी परत उघडली. पुढचं चाक पूर्वी होतं तेवढंच वाकडं करायला.