पिल्वीला सौना बंद

आमच्याकडे कुणाला काही झालं की पहिला उपाय सौना, म्हणजे परसातल्या लाकडी खोलीत बसून घेतलेली वाफ. सर्दी असो, कंबर धरलेली असो, नाहीतर नवरा-बायकोचं बिनसलेलं असो. त्यामुळे माझा भाऊ ताइस्तो खाज सुटलेल्या पिल्वीला सौनात नेऊ लागला, त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही.

पिल्वी ही त्याची पांढरी कुत्री. वहिनी गेल्यापासून घरात ती दोघंच; मी शेजारी राहते. ताइस्तो मुळात घुमा. बोलायचा तो फक्त सौनात, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ उठली की, खालच्या फळीवर पडलेल्या पिल्वीशी. मी सरपण ठेवायला गेले की आतून वहिनीचं नाव ऐकू यायचं.

खाज वाढली तशी शनिवारची सौना रोजची झाली. पिल्वीच्या काखा काळ्या पडल्या, कातडी जाड झाली, कानांना खवट तेलासारखा वास येऊ लागला. शेवटी मीच दोघांना गाडीत घातलं.

जनावरांची डॉक्टर मार्युक्का. तिने पिल्वीच्या अंगाला चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग ॲलर्जी तपासायला कुशीवरचे केस भादरून सुईने थेंबभर काहीतरी टोचलं. थोड्या वेळाने तिथे लाल गांध उठली.

"पट्टीवर दिसलं ते यीस्ट, एक प्रकारची बुरशी, सगळ्याच कुत्र्यांच्या कातडीवर असतं," ती म्हणाली. "बाकीच्यांची शरीरं त्याला मोजत नाहीत. हिला ॲलर्जी आहे, म्हणून हिचं शरीर त्यालाच शत्रू समजून लढत बसतं. ऊब आणि ओल मिळाली की ते आणखी माजतं. हिला ओली ठेवतोस का कुठे?"

ताइस्तो हातातल्या टोपीकडे बघत राहिला. मीच म्हणाले, "रोज सौना."

"अरे बाबा, पावाची कणीक फुगायला ठेवतात तशी ठेवलीस की तिला!"

तिने गोळ्या दिल्या, औषधी शाम्पू दिला. "ॲलर्जी जन्माची आहे, पण एवढी खाज आवरेल. अंग कोरडं ठेव. सौना बंद."

"किती दिवस?"

"कायमची."

खाज उतरली. काखेत केस येऊ लागले. शनिवारी ताइस्तो एकटाच सौनात गेला. पिल्वी बाहेर दार ओरबाडत रडत राहिली. दगडांवर पाणी न ओतताच तो बाहेर आला. त्यानंतर त्याने सौना पेटवलीच नाही.

"अरे, तू तरी जा," मी म्हणाले. "ती बसेल माझ्यापाशी."

"आत बोलू कुणाशी, आउने?"

"माझ्याशी बोल. इथे बस, स्वयंपाकघरात."

तो बसला. माझ्याकडे वळला. ओठ हलले.

"कॉफी उरलीय का?" म्हणाला.