विहिरीपलीकडची उडी

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतःचा पडदासुद्धा नव्हता. नुसता कळफलक. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची आणि कुणी पत्रा खरवडावा तसा आवाज ऐकत बसायचं. नशीब असलं तर खेळ सुरू व्हायचा, नसलं तर कॅसेट पुन्हा मागे. खेळात एक टोपीवाला बुटका होता. त्याने वटवाघळं चुकवत विहिरी ओलांडायच्या. शेवटची विहीर घरात कुणालाच जमत नव्हती. एका दुपारी ती मला जमली.

मी किंचाळले. ह्यांना वाटलं, मला विजेचा धक्का बसला. धावत आले, वायरीत पाय अडकून पडले आणि मशीन बंद. मागून माझ्या नणंदबाई आल्या. त्यांना दिसला काळा टीव्ही आणि जमिनीवर भाऊ.

"वन्सं, ओलांडली! पलीकडे मांजर बसलंय!"

"वहिनी, थाप मारावी, पण जरा बेताची."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गुडघा चोळत म्हणाले, "मी पाहिलं नाही. पण ती म्हणते तर असेल." असला साक्षीदार वैऱ्यालाही मिळू नये.

तेव्हापासून कुणी जरा वाढवून सांगायला लागलं की वन्सं म्हणणार, "हो, आणि वहिनीने विहीर ओलांडली होती." माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा म्हणाल्या. पुढे मशीन गेलं, हेही गेले. विहीर तेवढी राहिली.

परवा सूनबाईला कपाटात ती कॅसेट सापडली. तिचं कामच प्रोग्रॅम लिहिण्याचं. जुन्या मशीनची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम तिने लॅपटॉपवर तयार केला, कॅसेटमधला खेळ त्यात उतरवला आणि वन्संना मुद्दाम बोलावून घेतलं.

"आत्या, आज निकाल लावू."

मी बसले. बुटका विहिरीत पडला. पुन्हा पडला. पडतच राहिला. वन्सं शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होत्या आणि दर वेळी "डुबुक" म्हणत होत्या.

"हे आपलं मशीन नव्हे," मी म्हणाले.

"झालं! आता खापर मशीनवर."

"अगं, हे दमत नाही," मी सूनबाईकडे वळले. "आपलं दमायचं. तीन वटवाघळं एकदम आली की सगळा खेळ रेंगाळायचा. मी मुद्दाम अलीकडे थांबून तिघांना येऊ द्यायचे. मशीनला धाप लागली की बुटका काठावर जरासा अडकायचा, तेवढ्यात उडी."

"मशीनला धाप! वहिनी, या वयात नवीन थापा?"

सूनबाई मात्र हसली नाही. तिने कपाळाला हात लावला. "आई, चूक माझी आहे. त्या मशीनमध्ये चित्र दाखवणारा भाग आणि काम करणारा भाग एकच मेमरी वापरायचे. चित्राचा मान पहिला, तोवर दुसऱ्याने ताटकळायचं. वटवाघळं वाढली की ताटकळणंही वाढणार. मी त्याला ताटकळूच दिलं नाही."

"म्हणजे आपलं न्हाणीघर. तुझे सासरे आत शिरले की बाकी सगळे बाहेर टॉवेल घेऊन."

"अगदी तसंच!"

चहाचे कप विसळून होईपर्यंत तिने ते ताटकळणं प्रोग्रॅममध्ये घातलं. मी पुन्हा बसले. तिसरं वटवाघूळ आलं आणि खेळ रेंगाळला. तेच रेंगाळणं! क्षणभर वाटलं, आता हे वायरीत अडकून पडणार.

"बघा, दमलं!"

वन्सं डुबुक म्हणायला विसरल्या. बुटका मात्र पुन्हा विहिरीतच होता. मशीन जुन्या वेळेवर आलं, माझी बोटं काही येईनात. दहा वेळा प्रयत्न करून मी हात टेकले.

"सरक," वन्सं म्हणाल्या. "कुठे थांबायचं म्हणालीस?"

"विहिरीच्या अलीकडे. येऊ द्या तिघांना. घाई नको... आता चाला... मारा!"

बुटका पलीकडे. सूनबाईने वायर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. पलीकडे मांजर बसलं होतं.

वन्संनी मांजराकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलून लेकाला लावला.

"अरे, मी विहीर ओलांडली! पहिल्या फटक्यात!... हो, तुझ्या मामीनेही ओलांडली होती." त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "मी पाहिलं नाही. पण ती म्हणते तर असेल."